तळ्याच्या देवाला गेलेलं पत्रक

आधी घर

आमच्या गावात परदेशाची व्याख्या सोपी आहे: जिथे बर्फ पडतो तो परदेश. म्हणून मी श्रीलंकेला चालले आहे हे कळल्यावर काकूने तोंड वाकडं केलं. "श्रीलंका कायचं फॉरेन वो? आमचा हनुमान एका उडीत गेला तिकडं. तुले त विमान कायले पाहिजे?" ओसरीवर बसलेल्या बायका हसल्या आणि त्यातली एक म्हणाली, "रावणाच्या गावी जाऊन राहिली म्हणा पोरगी!"

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधच्या अलीकडे. नवेगावचं तळं मोठं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. आमचं लहान, पण तेही आमच्या पूर्वजांनीच, तळी बांधण्यात तरबेज असलेल्या कोहळींनी, बांधलेलं. पाळीवर अर्जुनाची झाडं, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. मी नागपूरला समाजकार्य शिकते. विभागात परदेशी इंटर्नशिपची सूचना लागली तेव्हा वर्गातली मुलं युरोपातल्या संस्थांचे अर्ज भरू लागली. आमच्या आधीच्या वर्षीचा एक जण एका दूरच्या देशात जाऊन शाळेची भिंत रंगवून आला होता. त्याच्याच तोंडून कळलं की त्याच्या आधीच्या तुकडीनेही तीच भिंत रंगवली होती. भिंतीला रंगाची गरज नव्हती, रंगवणाऱ्यांना भिंतीची होती. असल्या सेवेला मी तेव्हाही नाक मुरडत होते आणि आजही मुरडते. म्हणून मी यादीतलं कोणालाच नको असलेलं ठिकाण घेतलं. श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातल्या गावतळ्यांवर काम करणारी एक छोटी संस्था. काम काय, तर तळ्यांचे नकाशे करायचे आणि गाळ मोजायचा.

माझ्याबद्दल एवढं सांगायला हवं की मी पत्रकांवर वाढले. बाबा तालुक्याच्या छापखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात मासेमार ढिवरांसाठी, तेंदूपानवाल्या मजुरांसाठी पत्रकं लिहीत. भाताच्या पेजेत पीठ घालून आई खळ शिजवायची आणि ती मी हाताने चौकातल्या झाडावर, एसटीच्या थांब्यावर, सोसायटीच्या दारावर फासायची. बाबांच्या प्रत्येक पत्रकात एक प्रश्न असायचा आणि "ते" असायचे. पाणी कोणी अडवलं? त्यांनी. मासेमारीचा ठेका कोणाला? त्यांना. जग दोन भागांत वाटलेलं असणं किती सोपं असतं, ते लहानपणी पत्रकं वाचलेल्यालाच कळेल.

वेवा

अनुराधपूरपर्यंतचा प्रवास सोडून देते. विमानतळ, आगगाडी आणि बस सगळीकडे सारखीच दमवतात. गावात उतरले तेव्हा दुपार होती आणि ऊन गोंदियाच्या एप्रिलसारखंच होतं, फक्त जरा ओलं. समोर तळं. ते तळ्याला "वेवा" म्हणतात. पाळ तशीच, पाळीवर झाडं तशीच, कमळाची पानं तशीच. मी पाळीवर चढले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे खाली वाकले. मोहफुलं! रस्ताभर मोहाचा सडा पडला होता आणि कोणी वेचत नव्हतं. त्यांचा मोह आपल्यापेक्षा अरुंद पानांचा, पण फुलं तीच आणि वास तोच, डोक्यात चढणारा. आमच्याकडे या दिवसांत पहाटेपासून झाडाखाली टोपल्या लागतात. इथे वटवाघळं खात होती आणि उरलेलं वाळत होतं. मी ओढणीच्या ओच्यात फुलं भरायला लागले.

"उसको क्या करेगा?" मागून आवाज आला. हिंदीत! 

वळून पाहिलं तर एक सडपातळ बाई, डोक्यावर ओल्या कपड्यांचं भांडं. ही सुमना. माझं राहणं तिच्याकडेच ठरलं होतं. बरीच वर्षं ती आखाती देशात एका घरी कामाला होती आणि तिथल्या ड्रायव्हर-आचाऱ्यांकडून हिंदी शिकली होती. तिच्या हिंदीत सगळे पुरुष बायका होते आणि सगळ्या बायका पुरुष. गोंदियाच्या बाजारात वाढलेल्या मला ती भाषा ऐकून घरी आल्यासारखं वाटलं.

"खायेगा," मी म्हणाले.

"ये तो चमगादड़ खाता है." तिने मला नीट न्याहाळलं. "ठीक है. तुम भी खाओ."

मोठ्या बहिणीला ते आपल्यासारखंच अक्का म्हणतात आणि मामाला मामा. धाकट्या बहिणीला मात्र "नंगी" म्हणतात. सुमना अक्का मला भर रस्त्यात त्या नावाने हाक मारायची आणि मी प्रत्येक वेळी उगाच ओढणी सारखी करायची. सवय झाली तेव्हा परत यायचे दिवस आले होते. आता कोणी तशी हाक मारत नाही आणि मला ती हाक ऐकावीशी वाटते.

तिच्या घरात ती आणि तिची मुलगी दिलिनी, दोघीच. दिलिनी अकरावीत, बोलायला कमी, नारळ खवायला वाघीण. सकाळी लाल भात आणि मिरची-खोबऱ्याची झणझणीत चटणी, दुपारी भात आणि तळ्यातला मासा, रात्री भात. माझ्या पुण्याकडच्या मैत्रिणी पोळीसाठी रडल्या असत्या. मी झाडीपट्टीची, भातावरच वाढलेली, माझे दिवस सुखात चालले होते. कमळाच्या मुळांची नारळाच्या दुधातली भाजी मी तिथे खाल्ली तशी पुन्हा कुठे मिळायची नाही. चहा बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा. साखरेऐवजी तळहातावर गुळाचा खडा. खडा चावायचा, घोट घ्यायचा. मी पहिल्या दिवशी खडा चहात टाकला तेव्हा दिलिनी इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं.

अंघोळ तळ्यावर. बायका छातीशी लुंगी गुंडाळून उतरत, आमच्या घाटावरच्या बायकांसारख्याच. मी लाजून सलवार-कमीज घालूनच उतरले. पाण्यात कमीज फुग्यासारखा वर आला आणि मी कमळाच्या पानासारखी तरंगायला लागले. सगळा घाट हसला. त्यानंतर माझी ओळख कोणाला करून द्यावी लागली नाही.

वरचे आणि खालचे

यंदा तळ्यात पाणी कमी होतं. पाळीवरून बघितलं की काठाला चिखलाचा रुंद पट्टा दिसे आणि त्यात बगळे. घाटावर, दुकानात, बसथांब्यावर सगळे एकच बोलत: या हंगामाला बेत्म होणार का?

बेत्म म्हणजे काय, ते मला नदीशाने समजावलं. नदीशा माझ्याबरोबरची दुसरी इंटर्न, कँडीची, शेतकी महाविद्यालयातली, चष्मेवाली आणि शिस्तीची. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. पाणी कमी असतं त्या वर्षी तळ्याखालची सगळी शेतं पिकवायची नाहीत. तळ्याला लागून असलेली वरची तेवढी पिकवायची, म्हणजे पाणी लांब वाहून वाया जात नाही. आणि ती वरची जमीन त्या एका हंगामापुरती सगळ्या घरांत वाटायची. शेवटच्या शेतवाल्यालाही वर एक पट्टा मिळतो. मालकी बदलत नाही. हंगाम संपला की जो तो आपल्या जागी.

मी नदीशाला दोनदा विचारलं. "म्हणजे वरचा माणूस आपली जमीन देतो? कायद्याने?"

"रीत आहे," ती म्हणाली. "पण सगळ्यांचे हात वर व्हावे लागतात. एक जरी वरचा नको म्हणाला तर होत नाही."

वरचे सगळ्यात मोठे शेतकरी म्हणजे गुणदास मामा. तळ्याच्या तोंडाशी त्यांचं शेत. सत्तरीचे, तिरसट, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सदा काळ्या चष्म्यात. मागच्या खेपेला त्यांच्या शेतात ज्याला पट्टा मिळाला त्याने मधला बांध कापला आणि पुन्हा घातला नाही, म्हणून ते रागावले होते. या वेळी त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. दुकानावर विचारलं की म्हणत, "अजून डोळ्याला पाणी लावायचं नाही असं डॉक्टरने सांगितलंय. शेताला कशाला लावू?"

सुमना अक्काचं शेत सगळ्यात खाली. बेत्म झालं नाही तर हंगाम कोरडा. शहरातला एजंट तिला फोन करत होता: परत चल, घर ठरलेलं आहे, पासपोर्ट आहेच. ती गेली होती तेव्हा दिलिनी लहान होती. परत आली तेव्हा पोर आजीला अम्मा म्हणत होती आणि हिला नावाने हाक मारत होती. आता आजीही नाही.

एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या अक्का म्हणाली, "पहली बार गया तो बेटी छोटी थी, भूल गयी. अब बड़ी है. अब भूलेगी नहीं, गुस्सा करेगी. भूलना अच्छा था."

"मत जाओ," मी म्हणाले.

"भात होगा तो नहीं जायेगा."

एवढं साधं होतं. भात झाला तर राहील, नाही झाला तर जाईल. आणि भात एका काळ्या चष्म्याच्या म्हाताऱ्याच्या हाताला अडकला होता. माझ्या अंगात बाबा संचारले.

पत्रक

आमच्याकडे तळी बांधणाऱ्यांनी पाणी वाटायला पाणकर नेमले होते. पुढे तळी सरकारजमा झाली, पाणकर गेला, समित्या कागदावर आल्या आणि ज्याचं शेत पाळीला जवळ त्याचं पाणी अशी रीत पडली. इथे मात्र वाटून घेण्याची रीत जिवंत होती आणि एका माणसाच्या हट्टाने ती मरणार होती. हे मी बघत बसावं? मी एका बैठकीत पत्रक लिहिलं: "तळं सगळ्यांनी बांधलं. गाळ सगळे उपसतात. मग पाणी कमी झालं की ते फक्त वरच्यांचं कसं होतं? वरच्या शेतांच्या मालकांनो, उत्तर द्या." नाव कोणाचंच नव्हतं. बाबा नाव कधी घालत नसत. म्हणत, ज्याची टोपी तो घालून घेईल.

मी इंग्रजीत अर्थ सांगितला, नदीशाने ते सिंहलीत केलं. तिलाही चेव आला होता. मोठ्या अक्षरांत तिनेच रंगवलं. भिंत कुठली? गावात घरं लांब लांब, मध्ये चौक असा नाही. सगळं गाव रोज एकाच जागेवरून जातं, ती म्हणजे पाळ. तिथे तळ्याच्या तोंडाशी कुंबुकाचं अवाढव्य झाड होतं, आपल्या अर्जुनासारखंच. मी भाताची खळ शिजवली, अगदी आईच्या हातची व्हावी तशी, आणि संध्याकाळी घाट रिकामा झाल्यावर पत्रक झाडाच्या बुंध्यावर नीट फासलं. मागे सरून बघितलं. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात बाबांचं पत्रक जसं उठून दिसायचं तसंच दिसत होतं.

सकाळी अंघोळीला गेले तर पत्रकाखाली दिवा लागलेला. पणती, शेजारी पांढरी फुलं. पहिल्यांदा मला वाटलं, लोकांना फारच आवडलेलं दिसतंय.

मग लक्षात आलं की बायका झाडाच्या बाजूने न जाता वळसा घालून जात आहेत आणि जाताना मान खाली घालत आहेत. तेवढ्यात सुमना अक्का धावत आली. चेहरा पांढरा.

"नंगी! तुम क्या किया? तुम गुणदास मामा को भगवान को दे दिया!"

त्या झाडात तळ्याचा देव राहतो, अय्यनायके. ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याचं माणसांत कोणी ऐकत नाही, तो आपली तक्रार त्या झाडाला बांधतो. पूर्वी फडक्यात बांधत, आता कागदही चालतो. तक्रार बांधली की प्रकरण माणसांच्या हातून गेलं. मग देव त्या घराकडे बघतो. कसं बघतो, ते कोणी बोलत नाही. मी खळ लावून आख्खं पत्रक देवाच्या छातीवर चिकटवलं होतं. गावाने त्यात नाव नसूनही नाव वाचलं होतं. मामांचं डोळ्याचं ऑपरेशन आधीच झालेलं, तरी बायका कुजबुजू लागल्या होत्या: बघा, डोळ्यापासूनच सुरुवात झाली.

नदीशा डोक्याला हात लावून पाळीवर बसली. "आमच्याकडे कँडीला झाडाला असं काही नसतं," ती परत परत म्हणत राहिली.

मामांनी निरोप पाठवला: ज्याला देवाकडे दिलंय त्याला माणसांच्या सभेत कशाला बोलावता? मी येणार नाही. म्हणजे हात वर होणार नाही. म्हणजे बेत्म नाही. त्या दुपारी मी घरी गेले तेव्हा अक्का ट्रंक उघडून बसली होती. ती पासपोर्ट शोधत होती.

दूधभात

पाण्याचा कारभार बघायला गाव एक माणूस निवडतं. आपला पाणकरच म्हणा. त्यांचं नाव तिलकरत्न, शांत माणूस, नेहमी छत्री घेऊन. ते संध्याकाळी आले आणि त्यांनी उपाय सांगितला. तक्रार ज्याने लावली त्यानेच ती काढायची. ज्याच्यावर आहे तो समोर हवा. दोघांनी मिळून झाडाखाली नारळाच्या दुधातला भात शिजवायचा, आणि तक्रार करणाऱ्याने देवासमोर म्हणायचं की मी माझं म्हणणं मागे घेतो. मग दोघांनी खायचं.

"तेवढंच?" नदीशा म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं.

मला नाही. माझं म्हणणं मागे घेऊ? त्यातला कुठला शब्द खोटा होता? माफीनाम्यावर सही केली नाही म्हणून बाबांनी एकदा नोकरी सोडली होती, आणि ती गोष्ट आमच्या घरात सणासारखी सांगितली जाते. आणि दुसरीकडे अक्काने काढून ठेवलेला पासपोर्ट. मी त्या दोन गोष्टी मनात घेऊन दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले आणि काय म्हणणार ते मला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

सगळं गाव जमलं होतं, पण लांब उभं. मामा आले. काळा चष्मा, पांढरं लुंगीसारखं वस्त्र, हातात स्वतःच्या घरचा तांदूळ. माझ्याकडे न बघता त्यांनी तीन दगड मांडले. मी विस्तव केला. नारळ मी फोडला, तो वाकडा फुटला आणि पाणी मामांच्या पायावर सांडलं. लांबून कोणीतरी हसलं आणि गप्प झालं.

भात शिजत असताना मामा म्हणाले, "काय लिहिलंय ते मला कोणी वाचून दाखवलं नाही. वाचा."

नदीशाने वाचलं.  मामा ऐकत पळीने ढवळत राहिले. मग मला विचारलं, आणि ती सगळी बोलणी नदीशाने दोन्हीकडे केली, "तुझ्या गावाला तळं आहे?"

"आहे."

"तुझ्या घरचं शेत आहे?"

"आहे."

"वर की खाली?"

 बाबांच्या कुठल्याही पत्रकाने मला हा प्रश्न विचारला नव्हता.

"वर," मी म्हणाले. "पाळीला लागून."

नदीशाने ते सिंहलीत सांगितलं आणि लांब उभ्या बायकांत कुजबुजीची लाट गेली.

"आणि पाणी कमी असतं त्या वर्षी तुमचे खालचे लोक काय करतात?"

"नागपूरला जातात. बांधकामावर."

"मग," मामा म्हणाले, "तुझ्या बापाला कुठल्या देवाकडे दिलंस?"

आता लोक जवळ सरकले होते. तिलकरत्न छत्री टेकून म्हणाले, "बाळ, भात होत आला. देवाला सांग. मागे घेतलं म्हण."

अक्का गर्दीत पुढे होती. दिलिनीने तिचा हात धरला होता. मी झाडाकडे तोंड केलं आणि मराठीत बोलले, कारण तेवढं दुसऱ्या भाषेत मला येत नाही. "मी कोणाचं वाईट मागितलं नाही. मामांचं तर नाहीच. ते मागे घ्यायचं काही नाही, कारण ते मी दिलंच नव्हतं. पण प्रश्न खरा आहे. तो मी मागे घेत नाही. तो सगळ्या वरच्यांना आहे. त्यात आम्हीही आलो. माझे बाबा, माझे काका, मी."

मग तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत नदीशाला सांगितलं आणि तिने ते शब्दन् शब्द सिंहलीत केलं. तिलकरत्न कसनुसे झाले. "म्हणजे तक्रार मागे घेत नाहीस?"

"नाही."

 अक्काने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. माझ्या तत्त्वासाठी ही बाई दुसऱ्याच्या घरची भांडी घासायला जाणार.

मामांनी भात उतरवला. मग चष्मा वर करून, ऑपरेशनचा लाल डोळा माझ्यावर रोखून म्हणाले, "तिलकरत्न, हिची तक्रार माझ्यावर आणि हिच्या स्वतःवरही आहे. म्हणजे एका चुलीवर दोन आरोपी भात शिजवतायत. देव कोणाला धरणार? तो गोंधळेल बिचारा."

आधी दिलिनी हसली. तीच, गुळाच्या खड्याला हसलेली. मग सगळे. मामांनी घट्ट बसलेल्या दूधभाताचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "कागद काढ. देवाचं झाड आहे, तुझा बसथांबा नाही. आणि पुढच्या वेळी काही विचारायचं असेल तर माझ्या दारात ये. दार उघडंच असतं, कुत्रं म्हातारं झालंय."

कागद निघेना. आईची खळ होती ती. मी नारळाच्या करवंटीने खरवडत बसले आणि तोवर लोकांनी उरलेला भात संपवला.

सभा दुसऱ्या दिवशी झाली. मामा आले, आणि दोन अटी घेऊन आले. माझा बांध कापायचा नाही, आणि माझ्या शेजारचा पट्टा मी म्हणेन त्या घराला. "सुमनाला द्या. तिची जीभ तिखट आहे, पण बांध सरळ असतो." अक्का फटकन काहीतरी बोलली आणि सभेत हशा पिकला. नदीशाने ते मला सांगायला नकार दिला. मग हात वर झाले. मामांचा सगळ्यात शेवटी, आणि अर्धाच. पण झाला.

पेरणीला मी होते. चिखल सारखा करून मोड आलेलं बियाणं फेकायचं, आपल्यासारखी रोपं लावायची रोवणी नाही. माझं बी एका जागी दाट आणि एका जागी टक्कल असं पडलं. शेजारच्या पट्ट्यातून मामा ओरडले, "हिला सांगा, कोंबड्यांना दाणे टाकायचे नाहीयेत!" मी निघाले तेव्हा हिरवी लव आली होती. अक्का बसपर्यंत आली. वाळवलेली मोहफुलं तिने पिशवीत बांधून दिली होती. "चमगादड़ के लिये," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी रडलो.

पुन्हा घर

हे लिहिताना आमच्याकडे हलका, लवकर येणारा धान कापून झाला आहे आणि उन्हाळी धानाला तळ्याचं पाणी कोणाला, याची बोलणी सुरू आहेत. परत आल्यावर विभागाने माझ्याकडून "परदेशातील अनुभव" मागितला. मी गाळाचे नकाशे दिले. उरलेलं इथे आहे.

बाबांना मात्र मी आल्याच्या आठवड्यातच विचारलं होतं. "बाबा, आपल्या बांध्या कुठी हायेत?"

"पाळीखाली. तुले मालूम नाई काय?"

"मालूम हाये. तुमच्या पत्रकात कधी वाचलं नाई."

ते समोरच्या पत्रकांची चळत सारखी करत बसले. आई आतून म्हणाली, "बोला न आता. साऱ्या तालुक्याले विचारत फिरता." काका मात्र भडकले. "आमच्या बांध्या वाटाले तुले लंकेतून धाडलं काय वो? तिकडचा कायदा तिकडंच ठेव."

शेवटी बाबांच्या वाट्याची एक बांधी, एका उन्हाळ्यापुरती, खालच्या दोन घरांना द्यायचं ठरलं. गावच्या बैठकीत बाबांनी ते सांगितलं तेव्हा लोक हसले. एकाने विचारलं, "इलेक्शन लढून राहिले काय?" दुसऱ्या कोणी बांधी दिली नाही. एका घराचं बेत्म होत नाही, हे मलाही कळतं. मी दारोदार जाऊन विचारते आहे. वरच्यांच्या दारात, तोंडावर. निम्म्या दारांत चहा मिळतो, निम्म्यांत टोमणे. चहा घेताना माझा तळहात अजून गुळाचा खडा शोधतो.

परवा अक्काचा फोन आला. भात झाला, खायला पुरेल एवढा. तिकडे आता मोठा हंगाम लागला आहे, पाऊस चांगला आहे आणि जो तो आपापल्या शेतात परत गेला आहे, तीही तळाच्या आपल्या शेतात. मामांचा दुसरा डोळाही झाला. दिलिनी परीक्षेला बसते आहे.

"और एजंट?" मी विचारलं.

"किया था फोन. दो बार किया." मागे पाण्याचा आवाज येत होता. ती शेतातूनच बोलत होती. "मैं बोला, अभी मेरा पैर कीचड़ में है. अभी नहीं निकलता."